बिल्ला कशाचा द्यायचा?

मैत्रिणींनो, मे महिन्याची सुट्टी मुलांना असते, आपल्याला नसते, हे मी तुम्हाला नव्याने सांगायला नको. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. त्यामुळे सुट्टीत ती शाळा बंद आणि घरच्या शाळेच्या दोन्ही पाळ्या माझ्याकडे! सकाळी दहापर्यंत मुलांचा मोबाइल पाहून झालेला असतो, अकराला भांडण, बाराला जेवण, आणि एक वाजला रे वाजला की तो जगप्रसिद्ध प्रश्न, "आई, आता काय करू?"

यंदा ह्या प्रश्नाचं उत्तर माळ्यावरून खाली आलं. लोणच्याची मोठी बरणी काढायला चढले होते. बरणीमागच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या शाळेतला गाईडचा स्कार्फ निघाला. कसरीने दोन ठिकाणी खाल्लेला, पण टोकाला तो तीन पाकळ्यांचा पितळी बिल्ला तसाच. मी म्हटलं, "अरे, मी सातवीत गाईड होते." आमचे थोरले चिरंजीव बंड्या, ह्यांनी डोळे विस्फारले. "गाइड? म्हणजे ते उत्तरांचं पुस्तक?"

(मुलांची नावं मी बदलली आहेत, नाहीतर बिल्डिंगमध्ये राहणं मुश्कील व्हायचं!)

मग काय, सांगत बसले. लॉर्ड बेडन-पॉवेल ह्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर भरवलं, तिथून ही स्काऊटची चळवळ निघाली. श्रीमंतांच्या शाळांतली मुलं आणि कष्टकऱ्यांची मुलं त्याने मुद्दाम एकत्र घेतली. लांडगे, बैल अशी त्यांच्या टोळ्यांना नावं दिली. पुढे १९१६ साली अगदी लहान मुलांसाठी कब निघाले, तेव्हा तर सगळा कारभार किपलिंगच्या 'जंगल बुक'वरच उभा केला. कबच्या पुढाऱ्याला अजूनही 'अकेला' म्हणतात, गोष्टीतल्या म्होरक्या लांडग्यावरून. किपलिंग जन्मला आपल्या मुंबईत आणि त्या गोष्टीतलं जंगल आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातलं, सिवनीचं. म्हणजे बघा, एवढी मोठी शिस्तीची म्हणून नाव असलेली संस्था, पण तिच्या मुळाशी चक्क 'तू लांडगा हो, मी अस्वल होते' हाच खेळ आहे.

मुलांना शिस्त कळली नाही, लांडगा कळला. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमधल्या सात मुलांचं 'खारूताई पथक' उभं राहिलं. पार्किंग म्हणजे जंगल. टाकी भरून वाहायला लागली की ती नदी. दोन नंबरच्या काकूंची मांजर ही वाघीण. पथकातले सगळे एकमेकांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करणार, कारण खरे स्काऊट तसंच करतात, असं मीच सांगून बसले होते. आमच्या सासूबाईंना ते मुळीच पसंत पडलं नाही. "डाव्या हाताने कसलं गं देणं-घेणं! प्रसादाला तरी उजवा पुढे करा म्हणावं." तेव्हा प्रसादापुरता उजवा, असा पथकाचा पहिला नियम झाला.

आणि दुसऱ्या दिवशी मागणी आली, "आई, बिल्ले पाहिजेत."

माझ्याकडे शाळेत कार्यानुभवाचा तास असतो, तेव्हा हौसही होती. कृती थोडक्यात सांगते, कारण चार जणींनी आधीच विचारून झालं आहे. फेल्टचं कापड मिळालं तर उत्तम, नाहीतर जुन्या जीन्सचा पाय चालतो. लहान मुलीची बांगडी ठेवून पेन्सिलीने गोल काढून घ्यायचा, पण *कापायचा नाही*. आधी रिंगमध्ये ताणून भरतकाम करायचं, मग कापायचं. मी पहिले दोन आधी कापले आणि मग भरत बसले, ते वाटीसारखे वर वळले. सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्या. आकृतीची कड साखळी टाक्याने, आतलं भरीव टाक्याने. मागे त्याच मापाचा बकरमचा तुकडा आणि साध्या कापडाचं अस्तर, आणि तिन्ही थर एकत्र धरून कडेने काज टाका. लाल दोरा वापरण्याआधी ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. आमच्या पहिल्या लाल सफरचंदाने चिमीचा पांढरा फ्रॉक गुलाबी केला. सेफ्टी पिना लहान मुलांना नकोतच. मी जुन्या ओढणीचा चार बोटं रुंद पट्टा शिवला, खांद्यावरून तिरका घालायला, आणि त्यावर टिचबटणं लावली. बिल्ला काढता-लावता येतो आणि पट्टा धुताही येतो.

चित्रं काय काढायची ते मुलांनी ठरवलं. पहिल्या यादीत होते ते बिल्ले असे: पालीला पाहून किंचाळला नाही त्याचा, मुकाट्याने दुधीभोपळा खाल्ला त्याचा, गाडीत खिडकीची जागा आपण होऊन सोडली त्याचा, आणि आजीची गोष्ट तिसऱ्यांदा ऐकतानाही 'पुढे काय झालं' असं विचारलं त्याचा. हा शेवटचा सासूबाईंना कळू न देता करायचा होता. मी त्यावर नुसताच कान काढला.

हसताय ना? मीही हसत होते. चार दिवसांनी हसू मावळलं. कारण वरच्या मजल्यावर आजोळी आलेल्या पिंट्याच्या पट्ट्यावर चार दिवसांत अकरा बिल्ले झाले. दुधी एक घास खाल्ला, मिळाला बिल्ला. पाल भिंतीवर नव्हतीच, पण असती तर किंचाळलो नसतो, मिळाला बिल्ला. उलट समोरची धाकटी जुळी एक बिल्ला हुकला म्हणून तासभर रडली. आणि बंड्याने 'न भांडल्याचा बिल्ला' भांडून मिळवला. माझी बोटं सुईने भोकं पडलेली आणि बिल्ल्याला किंमत चिंचोक्याची!

तेव्हा आम्ही बसून नियम केले. वागणुकीला बिल्ला नाही, करून दाखवलेल्या कामाला. चांगलं वागणं हे बिल्ल्यासाठी करायला लागलं की मुलं हिशेबी होतात. दुधी खाताना बंड्या माझ्याकडे बघायला लागला होता, दुधीकडे नाही. अट आधी कागदावर लिहायची, आणि ती मोजता आली पाहिजे. 'चांगला चहा करता येणे' ही अट नव्हे. 'चार जणांचा चहा कोणाला न विचारता करणे, उतू न घालवणे आणि नंतर भांडी घासून ओटा पुसणे' ही अट. (गॅसपाशी मोठं माणूस उभं हवंच, पण त्याने तोंड उघडायचं नाही. हे मोठ्या माणसाला जास्त अवघड जातं.) आणि परीक्षा आईने घ्यायची नाही. आम्ही सात नंबरच्या निवृत्त पोस्टमास्तर आजोबांना परीक्षक नेमलं. ते मनिऑर्डरीचा फॉर्म तपासावा तसा चहा तपासतात. एकदा दिलेला बिल्ला मात्र परत काढून घ्यायचा नाही. पिंट्याच्या अकराला आम्ही हात लावला नाही, फक्त त्यांना 'जुनं चलन' म्हणायला लागलो.

चहाची परीक्षा आमच्या चिमीने तीनदा दिली. पहिल्या खेपेस साखर राहिली. दुसऱ्या खेपेस चहा इतका उकळला की पोस्टमास्तर म्हणाले, "हा काढा आहे, ह्याची परीक्षा वैद्याने घ्यावी." तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण. मी केशरी दोऱ्याने कपबशी भरली होती, वर तीन वाफा. चिमी तो बिल्ला लावून अख्ख्या जिन्यात मिरवली.

त्याच वेळी दारात शकू उभी होती.

शकू म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या मागच्या दोन खोल्यांतली मुलगी. बंड्याच्याच वर्गातली, सहावीतली. तिची आई पोळीभाजीचे डबे करते. वडील कामासाठी बाहेरगावी असतात. बावीस डबे आहेत, बरेचसे कॉलेजच्या मुलांचे. शकू आमच्याकडे रिकामा डबा परत न्यायला आली होती.

"काकू, चार जणांचा चहा केला की हा मिळतो?"

"हो गं."

"मी तर रोज करते."

चिमी लगेच म्हणाली, "तू रोजच करतेस ना, मग त्यात काय? बॅज नवीन शिकल्याचा असतो." आणि बंड्याने भर घातली, "आणि तू पथकात कुठे आहेस? तू खेळायला येतच नाहीस."

आता मी शिक्षिका. बी. ए. झालेली. शिवाय दर आठवड्याला तुम्हाला उपदेश करणारी. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "बरं बरं, बघू हं." मुलांना 'बघू'चा अर्थ पक्का ठाऊक असतो. शकू डबा घेऊन गेली.

रात्री काही केल्या झोप येईना. चिमीचं म्हणणं सरळ खोटंही नव्हतं, हीच तर पंचाईत. स्वतः बेडन-पॉवेलचंही मत असंच होतं, की बिल्ला हा कामाच्या दर्जापेक्षा मुलाने घेतलेल्या धडपडीचा असावा; ज्याला मुळातच येतं त्याच्यापेक्षा ज्याने झटून मिळवलं त्याचा. चिमीने तीनदा झटून चहा केला. पण मग ज्या मुलीला दहाव्या वर्षी झटून घ्यावं लागलं आणि तेव्हा कोणी बघायलाही नव्हतं, तिची धडपड कोणत्या खात्यावर मांडायची? आणि तुम्हाला खरं सांगू का, त्या मुलीचं निमित्त करून मी माझाच हिशेब मांडत होते. आपण रोज करतो ते 'त्यात काय' आणि ह्यांनी वर्षातून एकदा कांदेपोहे केले की शेजारपाजारपर्यंत वार्ता!

सकाळी उठले आणि आजवरचा सगळ्यात देखणा बिल्ला भरायला घेतला. पोळपाट, लाटणं आणि फुगलेली पोळी. पोळीवरचे डागसुद्धा तपकिरी दोऱ्याच्या गाठीच्या टाक्यांनी काढले. दोन दुपारी गेल्या. पोस्टमास्तरांना अट दिली, एका बैठकीत चाळीस पोळ्या. ते मागच्या खोलीत जाऊन पाहून आले आणि म्हणाले, "चाळीस नाही, साठपर्यंत मोजल्या, मग मीच दमलो." सगळ्या पथकासमोर, टाळ्या वाजवून, मी शकूला बिल्ला दिला. तिने डाव्या हाताने हस्तांदोलन केलं, थँक्यू काकू म्हणाली आणि बिल्ला फ्रॉकच्या खिशात घातला. मी घरी येऊन स्वतःवर इतकी खूश होते की त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

पाच-सहा दिवसांनी जिन्यात डब्यांच्या पिशव्या ओळीने ठेवलेल्या दिसल्या. सगळ्या एकसारख्या हिरव्या. त्यांतल्या एकीवर माझा बिल्ला शिवलेला! शकूची आई कौतुकाने म्हणाली, "ताई, तुमचं ते फार उपयोगी पडलं बघा. बँकेतल्या साहेबांना डायबेटिस आहे, त्यांची पिशवी नेहमी बदलायची. आता लांबूनच ओळखू येते."

मी हसले, पण लागलं. शकूला बाजूला घेऊन विचारलं, "काय गं, आवडला नाही का तुला?"

"आवडला की काकू. छान आहे." मग पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत, "पण मला सायकलचा पाहिजे होता."

"तुला सायकल येते?"

"नाही ना. म्हणून तर."

म्हणजे चिमीचं आणि तिचं एकमत होतं. आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि माझ्या कौतुकाने, तिला पुन्हा पोळपाटाशीच नेऊन बसवलं होतं, फक्त टाळ्या वाजवून.

ह्या जागी मला गाईडच्या इतिहासातली एक गोष्ट आठवली. १९०९ च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मोठा मेळावा भरला. हजारो मुलगे जमले होते. तिथे काही मुली आपण होऊन हजर झाल्या, टोप्या-काठ्या घेऊन, 'आम्हीही स्काऊट' म्हणत. काही मुलींनी तर त्याआधीच नुसती आद्याक्षरं लिहून स्काऊटांत नावं नोंदवली होती, म्हणजे मुलगा की मुलगी ते कळू नये! त्यांना रानात राहायचं होतं, गाठी मारायच्या होत्या, शेकोटी पेटवायची होती. मोठ्या माणसांची धांदल उडाली. शेवटी १९१० साली मुलींसाठी वेगळी गाईड संस्था काढली आणि बेडन-पॉवेलची बहीण ॲग्नेस हिच्याकडे सोपवली. मुलींच्या बिल्ल्यांत स्वयंपाक आला, मुलं सांभाळणं आलं, रुग्णसेवा आली. पण त्यांबरोबर तारायंत्राचा आणि विजेच्या कामाचाही बिल्ला होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी! आपल्याकडे १९११ साली जबलपूरला पहिलं गाईड पथक निघालं, १९५० साली 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही एकच संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी गाईडही तीत आल्या. पुण्याचं 'संगम' हे गाईडचं जागतिक केंद्र १९६६ सालचं. हे सगळं मला पाठ होतं, आणि मागच्या खोलीतल्या मुलीला काय पाहिजे ते मी एकदाही विचारलं नव्हतं.

सायकल शिकायला वेळ लागतो. तो शकूकडे नव्हता. दुपारी कणीक आणि भाजी चिरणं, पाच ते सात डबे भरणं. आणि मुलं खेळतात ती तीच वेळ. मी तिच्या आईकडे गेले. मनात छानसं भाषण तयार होतं, मुलीच्या जातीला मोकळीक कशी हवी वगैरे. समोर ओट्यावर बावीस डबे उघडे आणि त्या माउलीच्या हाताला चटका बसलेला. भाषण गिळलं.

"ताई, तुमचं खरं आहे," ती म्हणाली, "पण तिला सोडलं तर भरणार कोण? सातला पोरं दारात येतात. उशीर झाला की पुढच्या महिन्यात दुसरीकडे जातात."

मी म्हटलं, "वहिनी, आमची दोन-दोन मुलं रोज तासभर पाठवते. पाच ते सहा. तेवढा वेळ शकूला द्या."

तिने माझ्याकडे जरा बघितलं. "आणि नुकसान झालं तर?"

"माझ्याकडे मागा."

"चार दिवस बघू," ती म्हणाली. हा 'बघू' मात्र खरा होता.

पथकात नवी अट लिहिली गेली. 'डबा बिल्ला': आठ दिवस, रोज एक तास, हात धुऊन, केस बांधून, पोळ्या मोठ्याने मोजून, एकही डबा न चुकवता. मुलांना वाटलं, सोपं आहे. पहिल्याच दिवशी जुळ्यांनी बँकेतल्या साहेबांच्या डब्यात शिरा भरला, बिल्ला लावलेल्या पिशवीत! साहेबांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी पिंट्याच्या मोजणीत दोन पोळ्या कमी भरल्या आणि पिंट्याचं तोंड तुपकट. तिसऱ्या दिवशी बंड्याच्या हातून वरणाचं पातेलं निसटलं. निम्मं जमिनीवर. त्याने पुसलं, भरपाई म्हणून मी घरची डाळ शिजवून पाठवली. रात्री तो पानावर बसून म्हणाला, "आई, बावीस डबे, चार-चार पोळ्या म्हणजे अठ्ठ्याऐंशी पोळ्या. रोज." त्या रात्री त्याने 'गरम वाढ' असं म्हटलं नाही. दुसऱ्या रात्री म्हटलं. मुलंच ती!

मला हेही सांगितलं पाहिजे की दोन घरांतून कुरकुर आली. "आमची मुलं दुसऱ्यांच्या घरी राबायला का?" असं एकीने जिन्यात ऐकवलं. चहा केला तेव्हा त्यांना कौतुक होतं. मी म्हटलं, खेळ आहे, नको असेल तर काढून घ्या. त्यांच्या मुलाने काढून घ्यायला नकार दिला, कारण त्याचे पाच दिवस झाले होते.

आता सायकल. माझी कॉलेजमधली लेडीज सायकल जिन्याखाली गंजत होती. दोन्ही ट्यूब नव्या, ब्रेकचे रबर नवे. मोठ्या मुलांना शिकवण्याची एक युक्ती ह्यांना कोणीतरी सांगितली होती, ती खरंच उपयोगी आहे, लिहून ठेवा. मागे धरून धावत सुटायचं नाही, त्याने शिकणारा मागे बघतो आणि धावणाऱ्याची कंबर जाते. दोन्ही पायडलं काढून टाकायची आणि सीट इतकी खाली घ्यायची की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील. मग नुसतं पायांनी ढकलत ढकलत पुढे जायचं आणि जमेल तेवढा वेळ पाय उचलून धरायचे. तोल आधी, पायडल नंतर. पायडल काढताना एक लक्षात ठेवा, डावीकडच्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं तरच सुटतं. ह्यांनी पाऊण तास ते उलट बाजूला पिळून आणखी घट्ट केलं आणि मग पंक्चरवाल्याला बोलावलं.

पहिले तीन दिवस शकू पार्किंगमधून बदकासारखी चालत होती. मुलं हसली. ती हसली नाही. चौथ्या दिवशी गेटपासून जिन्यापर्यंत पाय न टेकता आली आणि भिंतीवर आदळली, कारण ब्रेक दाबायचा असतो हे आम्ही सांगायचंच विसरलो होतो! गुडघा फुटला. हळद लावून पाठवली तेव्हा मला तिच्या आईची धास्ती. आई म्हणाली, "लागू दे. कणीक काही गुडघ्याने मळत नाहीत." सहाव्या दिवशी पायडलं चढली.

मी चाक भरायला घेतलं. सायकलचं चाक भरणं हे सोपं काम नव्हे, बरं का. आऱ्या सरळ येतच नाहीत, मधल्या गोलाशी दोरे गोळा होतात. दोनदा उसवलं. शेवटी चंदेरी दोऱ्याच्या बाराच आऱ्या ठेवल्या, त्यांतली एक वाकडी आहे.

अट पोस्टमास्तरांनी लिहिली, टपालखात्याला शोभेल अशी. गेटपासून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जायचं आणि परत यायचं. पाय टेकायचा नाही. वळताना हात दाखवायचा. खडूच्या रेघेवर थांबायचं. शाळा उघडायला तीन दिवस होते. पथक गेटवर ओळीने उभं. शकूची आई पिठाच्या हातांनी मागच्या दारात. शकू गेली. वळताना हात दाखवला, जरा घाईने, पण दाखवला. परत आली ती रेघेच्या बरोब्बर वर थांबली. मुलांनी इतका आरडाओरडा केला की वाघीण झाडावर चढली.

मी बिल्ला पुढे केला. पोस्टमास्तर म्हणाले, "पास!"

शकू सायकलवरून उतरलीच नाही. "आजोबा, टपालपेटीपाशी माझा पाय टेकला होता."

"मला दिसला नाही."

"तुम्ही इथे उभे होतात. टेकला होता. थोडासा."

पथकात कुजबुज झाली. पिंट्या म्हणाला, "थोडासा चालतो, घे ना!" बंड्या म्हणाला, "अटीत थोडासा नाहीये." पोस्टमास्तरांनी चष्मा काढला, कागद पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे बघितलं. मी बिल्ला हातात धरून तशीच उभी. साडेपाच वाजले होते, आत डबे भरायला आज चिमी आणि मोठी जुळी.

"काकू, सहा वाजायला वेळ आहे ना अजून?" शकूने विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता सायकल वळवली.